हनुवटीपासून वर

माणसाचे डोळे कपाळात नसतात, डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी काढलेल्या सगळ्या बायकांचे डोळे केसांना जाऊन भिडत आणि खाली हनुवटीपर्यंत गालांचं नुसतं माळरान पसरलेलं असे. ही चूक दाखवली माझ्या शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या मुलीनं. तिनं एक बोट माझ्या टाळूवर ठेवलं, दुसरं हनुवटीला लावलं आणि म्हणाली, "आता डोळे कुठं आलेत ते तूच बघ." मी बघितलं आणि ओशाळले. रोज आरशात बघणाऱ्या बाईला आपले डोळे कुठं आहेत हे माहीत नसावं म्हणजे कमालच झाली.

परभणीत तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास नुकतेच कुठे निघायला लागले होते. आमच्या गल्लीतल्या एका सरांनी घराच्या माडीवर असाच एक क्लास काढला होता. बाहेर चपला काढायच्या, पायपुसण्यावर पाय घासायचे, जाड पडदा बाजूला करायचा आणि मग आत. आत एसी. आमच्या घरचा पंखा काठीनं ढोसल्याशिवाय फिरत नसे, आणि इथं मशीनना उकडू नये म्हणून ही बडदास्त. काही मुली आत शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत. मला त्यांचं हसू यायचं. पहिल्या दिवशी मीही लावला होता, ते मी कुणाला सांगितलं नाही.

मी बी. ए. होऊन घरी बसले होते. बसले होते म्हणजे चिडचिड करत बसले होते. लग्न जमत नव्हतं, नोकरी मिळत नव्हती, आणि घरात मी आणि अण्णा अशी दोनच माणसं. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. शाळेत ते बोलत असतील तेवढं बोलत असतील, घरात मात्र त्यांचं तोंड उघडायचं ते जेवायला. त्यांनीच मला क्लासला घातलं. "शिकून घे. पुढं हेच येणार हाय," एवढंच म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला.

सर शिकवत त्या आज्ञा. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करायची आणि मशीननं 'चुकलं' असं कळवलं की पुन्हा टाइप करायची. त्यात माझं मन काही लागलं नाही. पण कोपऱ्यातल्या एका मशीनला रंगीत पडदा होता, आणि त्यात चित्र काढायची सोय होती. सरांच्या लेखी तो पोरखेळ. क्लास सुटल्यावर, मशीन मोकळं असेल तर, आणि सर खुशीत असतील तर, तिथं बसायला मिळे. माउसनं चित्र काढणं म्हणजे साबणाच्या वडीनं रांगोळी घालण्यासारखं होतं. हात एकीकडे, रेघ तिसरीकडे. गोल काढायला जावं तर बटाटा. पण एक गंमत होती. चित्र मोठं करून बघितलं की त्याचे चौकोनी ठिपके व्हायचे, आणि एकेक ठिपका वेगळा भरता यायचा, पुसता यायचा. मी तशी उतावळी, पण ठिपक्यांपुढं तासन् तास गप्प बसायची. सर म्हणायचे, "ही मुलगी एवढी शांत फक्त इथंच असते."

शेजारची ती मुलगी माझ्याहून पुढं होती. तिचे वडील कचेरीत कारकून. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही याचा निकाल आता लागणार अशी बातमी होती, आणि तिच्या गल्लीतल्या पोरांना, ज्यांचं नाव लागणार त्यांचं एक चित्र त्या दिवशी वाटायला हवं होतं. ते ती मशीनवर काढत होती. चष्मा, रुंद कपाळ, कोट, टाय. तिच्या घरात, तिच्या काकाच्या घरात, त्यांच्या गल्लीतल्या भिंतीभिंतीवर लावलेला चेहरा. मला नवल वाटलं ते हे, की तिनं समोर तसबीर ठेवलेली नव्हती.

"न बघताच काढायलीस?"

"हा चेहरा बघायला लागत न्हाई गं," ती म्हणाली. "आईच्या मांडीवर असल्यापासनं बघायले."

ती सहज बोलून गेली. नाकाच्या एका बाजूला ठिपके दाट भरले की नाक कसं वर उठतं ते ती मला दाखवत होती, पण माझं लक्ष उडालं. मला तिचा हेवा वाटला. चांगला कडकडीत हेवा वाटला. कारण मला माझ्या आईचा चेहरा माहीत नव्हता.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळासकट. सासर वालूरकडचं, मोठं खटलं, थोरल्या काकांचा दरारा. त्या घरात बाईचा फोटो काढणं म्हणजे तिला बाजारात उभं करणं होतं. त्यामुळे फोटो नाही. लग्नातलाही नाही. पुढं अण्णांची बदली परभणीला झाली, त्यांनी मला आणलं आणि दुसरं लग्न न करता वाढवलं. लोक त्याचं कौतुक करत. मला मात्र त्यांचा राग यायचा. लहानपणापासून मी विचारायची, "आई कशी होती?" अण्णा म्हणायचे, "चांगली होती." "दिसायला?" "चांगलीच होती." "म्हणजे कशी?" मग ते उठून अंगणात जायचे, किंवा नुसतेच चष्मा पुसायचे. मला वाटायचं, या माणसाला सगळं आठवतंय आणि मुद्दाम सांगत नाही. डब्यातला शेवटचा लाडू लपवावा तशी यानं माझी आई लपवून ठेवली आहे. मोठी झाले तसं मी विचारणं सोडलं, पण राग सुटला नाही.

हे सगळं मी त्या मुलीला एकदा बोलून दाखवलं. तिनं माउसवरचा हात काढला. मग म्हणाली, "आमच्याकडं एक फोटो होता, आईच्या लग्नातला. अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नावावरनं दंगल झाली, गावाकडचं घर जाळलं, त्यात गेला. पर माझी आई हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू काढ की. ज्यानं बघितलंय त्याला शेजारी बसव. कागदावर खोडून खोडून भोक पडतंय, इथं पडत न्हाई. डोळे सरकवता येतेत. नाक कापून खाली आणता येतंय."

मी घरी येऊन अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "मला शाळा हाय." तो रविवार होता.

अण्णा नाहीत तर नाहीत. माझी एक मावशी होती, राणीसावरगावला दिलेली, आईहून धाकटी. बोलण्यात अशी फटकळ की तिच्या सासरची म्हैससुद्धा तिला वचकून असे. ती संक्रांतीच्या तोंडावर दाढ दाखवायला परभणीला आली. एक गाल फुगून टम्म झालेला, तरी तोंड चालूच. डॉक्टरनं दाढ काढली आणि दुसऱ्या दिवशी ती परत जायला निघाली, तोच विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आला. शहरात एका बाजूला पेढे, एका बाजूला बंद. एसटी थांबल्या. स्टँडवरून मावशी पिशवी घेऊन आल्या पावली परत आली आणि दारातूनच म्हणाली, "आता मला जेवाय घाला गप, मी काई जाईना."

अण्णांची शाळा बंद होती. ते पेपर वाचत बसले. वालूरहून थोरल्या काकांचा निरोप आला होता, त्यात नावाविषयी काय काय जळजळीत होतं. अण्णांनी त्यावरही काही म्हटलं नाही. बरं नाही की वाईट नाही. माझ्या मैत्रिणीचं चित्र छापून झालं होतं, ती क्लासला यायची थांबली होती, आणि तिच्या गल्लीत जायचं म्हटलं तर वाट अडवलेली. म्हणजे मीही घरात, मावशीही घरात. सरांची माडी आमच्यापासून चार घरांवर. सरांनाही त्या दिवसांत कुणीतरी बोलायला हवंच होतं, त्यांनी मागचं दार उघडून दिलं. मी मावशीला घेऊन वर गेले.

मावशीनं चपला काढल्या, पडद्याआत शिरली, थंडीनं शहारली आणि मशीनला हात जोडले. मी खुर्ची दिली. ती टोकावर बसली, जरा वेळ पांढऱ्या पडद्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ह्याला आक्काचं नाव सांगितलं का?"

"नाव सांगून काय होतंय?"

"मग ह्याला कळंल कसं कुणाचं तोंड काढायचं ते? रेशनच्या कार्डावर होतं की तिचं नाव. सापडंना का त्याला?"

तिला वाटत होतं की आत कुठंतरी आईचा चेहरा आहे आणि मी तो काढून देणार आहे, बँकेतून पैसे काढतात तसा. मी समजावून सांगितलं की चेहरा तिच्या डोक्यात आहे, मशीनच्या नाही. ते ऐकून ती घाबरली. "माझ्या डोस्क्यात? आगं बया, मला काय सांगता येतंय?"

आणि खरंच सांगता येईना. "कशी होती आई?" विचारलं की "लय देखणी होती. चंद्रावानी."

"मावशी, चंद्राला नाक नसतं."

"मग चाफ्याच्या कळीवानी नाक."

मी कपाळाला हात लावला. सगळ्या मेलेल्या बायका अशाच असतात, चंद्र आणि चाफा. वैतागून मी एक फताडं नाक काढलं आणि म्हटलं, "असं?" मावशी खुर्चीवरून उसळली. "आसं? आक्काचं नाक आसं? ही तर आमच्या शेजारची भांडखोर हाय! आगं, शेंडा जरा वर होता. वर. आणि मधी बारीक." तेव्हा मला युक्ती कळली. नाक कसं होतं हे तिला सांगता येत नव्हतं, पण कसं नव्हतं हे दिसताक्षणी कळत होतं. मग मी मुद्दाम चुकीचं काढायला लागले. जाड ओठ काढले, ती ओरडली. लांब कान काढले, ती मला मारायला धावली. भुवया लांब लांब काढल्या, तर म्हणाली, "जवळ आण. मधी केसाएवढी जागा. आम्ही चिडवायचो तिला, दोन भुवयांत मिळून एकच हाय म्हणून." असे एकेक तुकडे गोळा होत गेले. वरचा ओठ आखूड, त्यामुळं दात जरा दिसायचे. डाव्या डोळ्यापाशी देवीचा वण. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. गोंदणं तेवढी सोपी होती. तीन ठिपके, एक टिचकी प्रत्येकाला.

बंद लांबला तसं मावशी रोजच माझ्याबरोबर माडीवर यायला लागली. डावा डोळा काही जमेना. मोठा केला तर ती म्हणे, "ही भिली का काय." बारीक केला तर, "ही झोपली." मी वैतागले, ती वैतागली, सर दोनदा चहा देऊन गेले. मग मी डोळ्याच्या खालच्या पापणीतला एक ठिपका पुसला. एकच. मावशीचं तोंड एकदम बंद झालं. तिनं हात सुजलेल्या गालावर ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "आता हात लावू नको."

ती पडद्याकडं बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात, माझ्याशी नाही, पडद्याशी बोलली. "आक्का, किती दिसानं गं."

मीही बघितलं. खरं सांगायचं तर मला आधी काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती समोर होती आणि ती एक परकी मुलगी होती. भुवया जुळत आलेल्या, दात जरासे पुढं, आता काहीतरी खोडी काढील अशी. मग माझ्या लक्षात आलं की ही माझ्याहून लहान आहे. आई गेली तेव्हा तिनं विशी ओलांडली नव्हती. मी तिला आयुष्यभर एका मोठ्या बाईसारखं मनात धरून बसले होते, आणि ही एक पोर. माझी मैत्रीण शोभली असती. त्या विचारासरशी मात्र मला रडू फुटलं. मी हुंदके देऊन रडले, आणि मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत "कळाली का आता तुला आई, कळाली का" म्हणत राहिली.

सरांनी छापून दिलं. त्या काळचा प्रिंटर करकर करत ओळीओळीनं कागद सोडायचा. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला तो कागद घेऊन मी घरी आले. माझा जीव टांगणीला लागला होता. मावशीनं हो म्हटलं होतं, पण मावशीची आक्का होती ती लग्नाआधीची. लग्नानंतरची होती ती अण्णांची. अण्णांनी 'हीच' म्हटल्याशिवाय ती माझी आई होणार नव्हती. दुसरंही एक होतं. इतकी वर्षं त्यांनी लपवलेली गोष्ट मी त्यांच्याशिवाय शोधून आणली होती, आणि मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

अण्णा बाजेवर बसले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि काही बोलले नाही. त्यांनी चष्मा नीट केला. बघितलं. कागद जरा लांब धरून बघितलं. मग माझ्याकडं मान वर करून, अगदी साध्या आवाजात, त्यांनी विचारलं, "कोन हाय ही?"

 मावशी कडाडली. "कोन म्हंजे? दाजी, डोळे फुटले का तुमचे? तुमची बायकू हाय!"

अण्णांनी पुन्हा कागदाकडं पाहिलं. मला वाटलं ते चिडतील, किंवा उठून अंगणात जातील. ते उठले नाहीत. कागद त्यांनी मांडीवर नीट पसरला.

"मला वळखू येईना गेलंय," ते म्हणाले.

मग ते बोलले. अण्णांना एवढं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांची नोकरी तेव्हा जिंतूरकडच्या एका खेड्यात. शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. ओसरीवर त्यांचे वडील आणि थोरला भाऊ बसलेले. "पाणी आणून द्यायची तर पदर हितपर्यंत," त्यांनी हनुवटीवर हात धरून दाखवला. "जेवाय वाढायची तरी तसंच. थोरल्यांसमोर मी तिच्याकडं बघायचं न्हाई आणि तिनं माझ्याकडं. बघितलं की बाहेर चर्चा. निजायला जायचं ते घरातली सगळी निजल्यावर, कंदील मालवून. कंदील लावला तर माझी आई बाहेरून खोकायची. अंधारात बोलायचो आमी. लय बोलायचो. आवाज सांग म्हणलीस तर सांगतो. हात सांग म्हणलीस तर सांगतो. तोंड..." ते थांबले. "तोंड मी तुकड्या तुकड्यानं बघितलंय. कधी असं उजेडात समोर बसवून न्हाई बघितलं."

मावशी बाजेपाशी खाली बसली.

"ती गेली तवा वसरीवर निजवली," अण्णा म्हणाले. "तवा पदर न्हवता तोंडावर. सगळी गर्दी बघायली होती. थोरले दादा, बाकीचे, समदेच. मला वाटलं, मी आता बघितलं तर लोक म्हणतेल, बघा, कसा बघायलाय. मी खाली बघितलं. मी न्हाई बघितलं तिला."

इतकी वर्षं मी ज्या माणसाला चिक्कू म्हणत होते त्याच्याकडं द्यायला काही नव्हतंच. मला त्यांचा राग यायला हवा होता की त्यांच्या थोरल्या भावाचा, की त्या ओसरीचा, मला ठरवता येईना. त्या दिवशी कुणाचाच आला नाही. 

अण्णांनी कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, "त्या मशीनवर हिच्या तोंडावर पदर ओढता येतो का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही माडीवर गेलो. अण्णांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसले. मी आईचं चित्र उघडलं, दुसऱ्या फ्लॉपीवर दुसऱ्या नावानं साठवलं, आणि वरून पदर ओढायला घेतला. मावशीला ते मुळीच रुचलं नाही. "एवढं काढून माझ्या बहिणीचं तोंड झाकायलीस व्हय गं?" मी म्हटलं, "मावशी, तोंड दुसऱ्या फायलीत हाय." तिनं फाइल म्हणजे काय ते विचारलं नाही, पण भिंतीकडं तोंड करून बसली.

"आणखी खाली," अण्णा म्हणाले. कपाळ गेलं. जुळत आलेल्या भुवया गेल्या. ज्या डोळ्यासाठी इतके दिवस घालवले तो एका झटक्यात गेला.  "आणखी. हनुवटी तेवढी ठिव. हां. आता हात."

हात मला येत नव्हता. हात चेहऱ्यापेक्षा अवघड. पण अण्णांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते असं सांगितलं की मला काही चुकीचं काढायची युक्ती करावी लागली नाही. डावा हात. पहिलं बोट आणि मधलं बोट, त्यात पदराची कड. अंगठा आत. करंगळी जरा बाहेर, वाकडी. "विळ्यानं कापली होती, तवापासनं वाकडीच." बांगड्या हिरव्या, मनगटाच्या मागं सरकलेल्या. नखांत पीठ. "ताट ठेवायला वाकली की मी तेवढं बघून घ्यायचो," ते म्हणाले. मी ठिपका ठिपका लावत होते आणि ते बोलत होते. मध्येच म्हणाले की ती हसायला लागली की आधी हात हलायचा, त्यावरून त्यांना कळायचं. इतकी वर्षं मागून न मिळालेली आई मला अशी एका हातापुरती, त्यांच्या तोंडून मिळत होती, आणि मी रडत नव्हते, कारण मला पडदा दिसायला हवा होता.

मी बांगड्यांत शेवटचा हिरवा भरला. अण्णा बोलायचे थांबले.

"आली," ते म्हणाले. "ही आली."

मग त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं, पडद्याआडून कुणी येतंय का ते, आणि चटकन मान खाली घातली. थोरले काका वालूरला होते. सर खाली पेपर वाचत होते. माडीवर आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. तरी ते तसेच बसले, मांडीवर हात ठेवून, खाली बघत. त्यांच्या चष्म्याच्या काचेवरून पाणी टपकत होतं आणि ते पुसतही नव्हते. मावशी भिंतीकडून वळली, त्यांना बघितलं आणि पदरानं स्वतःचं तोंड दाबून धरलं.

किती तरी वेळानं अण्णा म्हणाले, "आता ती कालची काढ. तोंड उघडं असलेली."

मी फ्लॉपी बदलली. ते मशीन चित्र एकदम दाखवत नसे. खालून वर, ओळीओळीनं उघडे, आणि मोठं चित्र असलं की फारच रेंगाळे. फ्लॉपी कुरकुरत राहिली. आधी गोंदणाचे तीन ठिपके आले. मग आखूड ओठ, दात. मग नाक. अण्णांनी मान वर केली होती. डोळे आले, देवीचा वण आला, भुवया आल्या, आणि कपाळ भरून कुंकू. कुणी खोकलं नाही. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसून पुन्हा लावला, आणि तिच्याकडं सरळ बघितलं. बघत राहिले.

"अशी होती व्हय?" त्यांनी विचारलं.

मावशीला नाही. मला विचारलं.

"हो अण्णा," मी म्हणाले. "अशीच होती."

ते खुर्ची आणखी पुढं ओढून बसले.